गॅब्रिएलच्या पन्नास सिगार

इनेझने बाजारातून आणलेले सहा सुके बोंबील पदराखाली धरले, पोट आत ओढलं आणि कुंपणाच्या फटीतून ती दिराच्या अंगणात शिरली. नेहमीप्रमाणे बांबूच्या टोकाला लुगडं अडकलं. तिने मागे वळून ते सोडवलं. गेल्या सात वर्षांत या एका बांबूने तिची तीन लुगडी फाडली होती आणि बांबूला मात्र ओरखडाही नव्हता.

धाकट्या जावेने, कार्मिनने, चूल पेटवून ठेवलीच होती. तिने बोंबील घेतले आणि निखाऱ्यावर आडवे टाकले.

"आज सहा?"

"दोन व्हिन्सेंटला. उद्या दोघं भाऊ समोरासमोर बसायचे. आजपासून तोंड गोड असलेलं बरं."

"बोंबलाने तोंड गोड होतं होय, बाय?"

"माझं होतं," इनेझ म्हणाली.

वसईच्या या किनाऱ्यावर, नंदाखालसारख्या गावात, एका घरात बोंबील भाजायला बंदी असावी हे कुणाला सांगून पटलं नसतं. इनेझने कुणाला सांगितलंही नव्हतं. लाज वाटायची. तिचा नवरा ॲन्सेल्म शाळामास्तर. त्याच्या कपाटात, तिच्या लग्नाच्या लुगड्याशेजारी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अठरा सिगार होत्या, आणि सिगारींना भोवतालचा वास लागतो असं त्याने एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. झालं. बोंबील गेले, जवळा गेला, लसणाची माळ पडवीत गेली. लग्नाच्या लुगड्याला तंबाखूचा वास लागला त्याचं काही नाही. शहाणी माणसं घरोघरी असतात, पण वाचून शहाणा झालेला माणूस ज्या बाईच्या पदरी पडला तिने काय करावं, हे कुठल्या मासिकात छापून येत नाही.

"एकनाथ आलेला आज," इनेझ म्हणाली. एकनाथ हा आगाशीचा मांडववाला. "विचारतो, खड्डे कुठं घेऊ? कुंपण मधोमध. अर्धाच मांडव घालायचा असला तर तसं सांगा, बोलतो, अर्धेच बांबू आणतो."

"मंग तू काय बोलली?"

"उद्या मिस्सेनंतर ये बोलले. आनी काय बोलणार?"

कार्मिनने बोंबील उलटे केले. वास सुटला.

मेरीचं लग्न पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी होतं. मेरी ही इनेझची एकुलती एक मुलगी. या घरातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव अख्ख्या अंगणावर पडत आला होता, या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत, मधली विहीर पोटात घेऊन. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत त्याच विहिरीचं पाणी काढायचं आणि नवरीला न्हाऊ घालायचं. इनेझ स्वतः त्या पाण्याने न्हाली नव्हती, ती सून. पण न्हाणाऱ्या नणंदा तिने पाहिल्या होत्या. व्हिन्सेंट आणि कार्मिनला मूलबाळ नव्हतं. मेरी चालायला शिकली ती व्हिन्सेंटचं बोट धरून, त्याच्या केळीच्या वाडीत. कुंपण आलं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि गेली सात वर्षं ती काकाला फटीतून हाक मारत होती. मांडवाचा विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका नसेल तर मांडव नको. देवळातून सरळ सासरी जाईन." आणि भांडी घासायला निघून गेली. त्या दिवसापासून इनेझला घास गोड लागत नव्हता.

नवऱ्याला विचारावं तर तो म्हणे, "त्याने यावं. दार कुणी बंद केलंय?"

दिराला विचारावं तर तो म्हणे, "बोलावलं तर येतो. बोलावलंय कुणी?"

दोघंही आपापल्या जागी इतके बरोबर होते की त्यांच्या डोक्यात विहिरीची बादली घालावी असं वाटे.

हे सगळं सुरू झालं सासऱ्यापासून. सासरा गॅब्रिएल आयुष्यभर आगबोटीवर बटलर होता. साहेबांना वाढता वाढता त्याला त्यांची एकच चैन लागली, सिगारची. तीही साधी नव्हे. काळपट, अंगठ्याएवढी जाड, हातात घेतली तर वजन लागावं अशी. त्याच्या शेवटच्या फेरीत त्याने पन्नास सिगारींची एक लाकडी पेटी आणली, पण तिला हात लावला नाही. तो आपला जुन्या पेटीतल्या ओढत राहिला आणि त्या संपता संपता तोही संपत आला. आजारपणात त्याने दोन्ही मुलांना खाटेशी बसवलं आणि पेटी उघडून पंचवीस-पंचवीस वाटून दिल्या.

"आता ओढाल तर घसा सोलून निघेल," तो म्हणाला होता. "नवी सिगार नव्या जावयासारखी. अंगात रग असते नुसती. सात वर्षं गप पडू दे, मग माणसात येते. सात वर्षांनी विहिरीवर बसा आणि दोघांनी एकेक पेटवा. मी नसेन, पण धूर कळेल मला."

सात वर्षं ठेवा म्हणाला; कशी ठेवा ते म्हणाला नाही. बटलर माणूस, सगळं ताटात वाढून द्यायची सवय, नेमकं एवढंच वाढायचं विसरला.

ॲन्सेल्मने मासिकातलं कात्रण काढलं. बेताची ओल पाहिजे, हवा बंद पाहिजे. पत्र्याचा डबा आणि आत भिजवलेल्या विटेचा तुकडा. व्हिन्सेंटने आपल्या पंचवीस सुक्या केळीच्या पानात गुंडाळल्या, केळीच्या सोपटाच्या, खोडाच्या सुक्या सालीच्या दोरीने बांधल्या आणि केळी पिकवायच्या खोलीत माळ्यावर ठेवल्या. जी ऊब केळ्याला मानवते ती तंबाखूच्या पानाला का मानवू नये, असं त्याचं म्हणणं. बाबा गेल्यानंतर देवळातली महिन्याची मिस्सा झाल्यावर दोघं ओट्यावर बसले होते, तेव्हा ॲन्सेल्म म्हणाला, "तू बाबांच्या सिगारींची सुकेळी करशील."

सुकेळी म्हणजे या भागातली कमाईच. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधायची. व्हिन्सेंट त्यावरच जगत होता. त्याला ते लागलं.

"आनी तू त्यांना डब्यात पुरशील," तो म्हणाला.

बाबांना पुरून महिनाच झाला होता. ॲन्सेल्म उठून आत गेला. त्या आठवड्यात अंगणात कुंपण आलं. ते विहिरीपाशी येऊन थांबलं, कारण विहीर दोघांची होती, आणि विहिरीच्या पलीकडून पुन्हा सुरू झालं. कुंपण कुणी घातलं हे विचारलं तर दोघंही दुसऱ्याचं नाव सांगत. इनेझने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: एका टोकाकडून हा ठोकत होता आणि दुसऱ्या टोकाकडून तो.

त्यानंतर बोलणं बंद. पण गप्प बसतील तर भाऊ कसले? दर मे महिन्यात, बाबांच्या वाढदिवसाला, दोघंही आपापल्या ओट्यावर एकेक सिगार चाचणीला पेटवत आणि आपापल्या बायकोला ऐकवत, अशा आवाजात की पलीकडे टिपलं जावं.

पहिल्या वर्षी दोघंही नुसते खोकले. बाबा म्हणाले तसा घसा सोलून निघाला, डोळ्यांत पाणी आलं आणि तरीही ॲन्सेल्म ओरडला, "इनेझ, विशेष ठसका नाय गो!" पलीकडून तेवढ्याच मोठ्या खोकल्यात व्हिन्सेंटचा आवाज आला, "कार्मिन, किती थंड लागते बघ!"

दुसऱ्या वर्षी तोच तिखटपणा, पण आता तो मिरीसारखा जिभेवरच राहिला, घशाखाली उतरेना. तिसऱ्या वर्षी ॲन्सेल्मने भाजलेल्या कॉफीचा वास जाहीर केला. लगेच पलीकडे भाजलेली कॉफी आणि वर चिंचोका निघाला. चौथ्या वर्षी चामडं. पाचव्या वर्षी ओलं लाकूड, नांगरून ठेवलेली बोट असते ना, तिच्या आतलं. सहाव्या वर्षी गूळ, आणि गेल्या मे महिन्यात सातव्यांदा पेटवली तेव्हा काकवी. इनेझ मागच्या दारी तांदूळ निवडत ते ऐके आणि मनात म्हणे, माझ्या चुलीवर इतक्या वर्षांत काय काय शिजलं ते एकदा तरी एवढ्या मोठ्याने सांगितलंस का रे बाबा.

खरं सांगायचं तर सिगार बदलत होत्या. तिलाही वासावरून कळत होतं. दरवर्षी त्यांच्यातली रग कमी होत होती, कडूपणा मागे सरत होता आणि खालून काहीतरी गोडसर, जुनं वर येत होतं. माणसात येत होत्या त्या. ओढणारे मात्र होते तिथेच होते. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात. इथे सिगार जळत होती आणि सुंभ तिच्याकडे बघत बसला होता.

आणि आता उद्या बाबांना जाऊन सात वर्षं पुरी होत होती.

"बाय," कार्मिन बोंबलाची राख झटकत म्हणाली, "त्यांना कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"हस्ताचं."

इनेझने दाराकडे पाहिलं. व्हिन्सेंट वाडीत होता, तरी तिने आवाज खाली आणला. "नाय कळणार. तीन महिने झाले, कळलं असतं तर आतापर्यंत घर डोक्यावर घेतलं असतं दोघांनी."

"सेंट अँथनीला मेणबत्ती बोलली हाय मी."

"मी नऊ दिवसांची नोव्हेना करते," इनेझ म्हणाली. "आनी तू व्हिन्सेंटसमोर तोंड उघडू नको, एवढंच कर."

हस्ताचं झालं होतं ते असं. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर इनेझने कपाट आवरायला काढलं आणि डब्याचं झाकण उघडलं, तर विटेच्या तुकड्याला आणि वरच्या चार सिगारींना पांढरी लव आलेली. नवरा शाळेत. ती फटीतून कार्मिनकडे धावली, तर कार्मिन माळ्यावरून व्हिन्सेंटचं गाठोडं काढून बसलेली. तिला एकीच्या अंगावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं होतं. आता दुसऱ्या कुणी बायकांनी काय केलं असतं कोण जाणे. या दोघींनी तेच केलं जे त्या जन्मभर करत आल्या होत्या. विहिरीशेजारी, कुंपण जिथे थांबतं तिथे, दोघींची मिळून सुकेळ्यांची चटई पसरलेली होती. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी ऊन एकाच जागी चांगलं पडतं, आणि उन्हाला कुंपण कळत नाही. दोघींनी सिगारी सोडवल्या, फडक्याने पुसल्या आणि राजेळीच्या रांगांशेजारी मांडल्या. या बाजूला मास्तरच्या, त्या बाजूला व्हिन्सेंटच्या. तासभर ऊन द्यायचं आणि उचलायच्या, बस.

अर्ध्या तासात हस्ताची सर आली. आभाळ कुठे होतं, ढग कुठे होता, काही नाही. केळी वाचवायची की सिगारी? दोघींनी मिळेल ते सुपात ओढलं आणि पडवीत पळाल्या. मग सुपात पाहिलं. छत्तीस सिगार, केळ्यांवर आडव्यातिडव्या पडलेल्या.

"ही तुझी," कार्मिन म्हणाली.

"कशावरून?"

कार्मिनने ती नाकाशी धरली. मग दुसरी धरली. मग इनेझने धरल्या. दोघी पडवीत बसून एकेक सिगार हुंगत होत्या. सगळ्यांना वास एकच होता. शेवटी त्यांनी सुकेळी वाटतात तशा वाटल्या, एक तुला, एक मला. अठरा डब्यात गेल्या, अठरा पानात. बाबांच्या फोटोसमोर इनेझने कपाळावर क्रूस काढला आणि कुणाला न सांगायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा झाली. भाऊ देवळात दोन वेगळ्या बाकांवर बसले, कबरीवर दोन वेगळ्या वेळी फुलं ठेवली आणि दोन वेगळ्या वाटांनी घरी आले. वाट दोनशे पावलांनी लांब पडली तरी चालेल, पण भावाच्या मागून चालायचं नाही. इनेझ या दोन वाटांच्या मधोमध एकटी चालत होती आणि तिचे पाय दुखत होते.

एकनाथ पहार खांद्यावर घेऊन विहिरीपाशी आधीच उभा होता. मेरी ओट्यावर पाठमोरी तांदूळ निवडत होती. ती तांदळाकडे बघत नव्हती.

ॲन्सेल्म डबा घेऊन आला आणि विहिरीच्या कठड्यावर आपल्या बाजूला बसला. व्हिन्सेंट गाठोडं घेऊन आला आणि त्याच्या बाजूला बसला. दोघांच्या मध्ये विहिरीचं तोंड. दोघांनीही एकमेकांकडे न बघता आपापलं उघडलं. ॲन्सेल्मने बऱ्याच चाचपून एक काढली. व्हिन्सेंटनेही एक काढली, ठेवली, दुसरी काढली. इनेझला वाटलं, निवडतायत काय मेले, अठराच्या अठरा सारख्या आहेत. मग ॲन्सेल्मने काडी ओढली. कार्मिनने चुलीतला निखारा चिमट्यात आणून दिला, त्यावर व्हिन्सेंटने पेटवली.

धूर वर गेला. विहिरीच्या तोंडावर दोन्ही धूर एकमेकांत मिसळले आणि अंगणभर झाले.

इनेझ तिथेच थांबली. तो वास तिला माहीत होता. गॅब्रिएल सहा-सहा महिन्यांनी घरी यायचा आणि दाराआडच्या खुंटीला त्याचा बोटीवरचा कोट लागायचा. तो कोट उन्हात घालायला तीच न्यायची. त्यात मिरी नव्हती, कॉफी नव्हती, चामडं नव्हतं. त्यात हे होतं. सात वर्षं भावांनी कुंपणावरून जे जे ओरडून सांगितलं, ते सगळं बाजूला होऊन मागून हे आलं होतं.

ॲन्सेल्मने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी तो पुसतच राहिला. व्हिन्सेंट विहिरीत खाली पाण्याकडे बघत होता. आता बोलतील, इनेझला वाटलं. आता नाही बोलणार तर कधी?

"इनेझ," ॲन्सेल्म घसा साफ करून म्हणाला, "सांग त्याला. बाबांच्या कोटाचा वास आला."

"कार्मिन," व्हिन्सेंट पाण्याकडेच बघत म्हणाला, "सांग त्याला, हितूनच आला तो. वारा कुठला हाय ते बघ म्हणावं."

"इनेझ, त्याला सांग, वाऱ्याला आणि ह्याला काय..."

"नाय सांगत," इनेझ म्हणाली.

ॲन्सेल्मने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नाय सांगत मी. सात वर्षं सांगितलं. मी काय पोस्टमन हाय? कुणाचा वास नाय नि कुणाची सिगार नाय. हस्ताच्या पावसात मी आनी कार्मिनने तुमच्या दोघांच्या सिगारी चटईवर मांडल्या होत्या. केळ्यांच्या शेजारी. पाऊस आला नि सगळ्या एका सुपात पडल्या. मंग एक तुला एक मला करून वाटल्या. तुमच्या डब्यात त्याच्या हायत, त्याच्या गाठोड्यात तुमच्या हायत, कुठली कुणाची ते आता बाबा उठून आले तरी सांगू शकणार नाय. मारायचं तर मारा. पण माझ्या पोरीचा मांडव अर्धा घालणार नाय मी."

कार्मिनने डोळे मिटून घेतले होते. मेरीच्या हातातलं सूप थांबलं होतं. एकनाथने पहार खांद्यावरून हळूच खाली ठेवली.

इनेझने दोघांकडे पाहिलं. आभाळ कोसळायला पाहिजे होतं, पण ॲन्सेल्म नुसता सिगारच्या राखेकडे बघत होता.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"काय?"

"ऑक्टोबरातच माहीत झालं." त्याने सिगार तिच्यापुढे धरली. सोनेरी कागदाच्या पट्टीखाली एक पिवळट धागा अडकला होता, केसाएवढा. "सोपट. माझ्या डब्यात सोपट कुठून येणार? ही त्याची हाय. बघूनच काढली."

तिने व्हिन्सेंटकडे पाहिलं. व्हिन्सेंटने आपली सिगार बोटांत फिरवली. बुडाशी लालसर डाग होता, गंजाचा, पत्र्याच्या डब्याच्या तळाला टेकून राहिल्याचा.

"माझ्याकडे अशा पाच आल्या," तो म्हणाला. "मी ही ठेवून दिलेली. आजच्यासाठी."

"त्याची? तुमी एकमेकांच्या ओढताय?" कार्मिन म्हणाली.

"बघायचं होतं," ॲन्सेल्म म्हणाला.

"काय बघायचं होतं?"

त्याने एक झुरका घेतला, तोंडात धरून ठेवला आणि हळू सोडला. "इनेझ, त्याला सांग..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. इनेझ जागची हलली नाही. तिने तोंड घट्ट मिटलं होतं. ॲन्सेल्मने विहिरीपलीकडे पाहिलं, सात वर्षांत पहिल्यांदा सरळ.

"बरी ठेवलीस रे," तो म्हणाला.

व्हिन्सेंटला धुराचा ठसका लागला. तो बराच वेळ खोकला. खोकून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "डब्यातली पन वाईट नाय. थोडी गोड हाय. विटेने असेल."

मग इनेझचा उरलासुरला संयम संपला.

"आनी मंग तीन महिने दोघं तोंडं शिवून का बसला होता? आमी हितं नोव्हेना करतोय, मेणबत्त्या बोलतोय, पोरगी जेवत नाय..."

"तो बोलला नाय," ॲन्सेल्म म्हणाला.

"हा बोलला नाय," व्हिन्सेंट म्हणाला.

इनेझने कपाळावर हात मारून घेतला. कार्मिन आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, आणि सेंट अँथनीला बोललेली मेणबत्ती आता द्यायची की नाही हे तिला कळेना.

"मास्तर," एकनाथ म्हणाला. त्याला दुपारी निर्मळला दुसरा मांडव होता. "खड्डा कुठं घेऊ, तेवढं सांगा."

ॲन्सेल्मने व्हिन्सेंटकडे पाहिलं. व्हिन्सेंट सिगार दातांत धरून उठला आणि कुंपणापाशी गेला. त्याने एक बांबू हलवून पाहिला, तो निघेना, मग दोन्ही हातांनी मिठी मारून उपटला. तोच होता तो, लुगडी फाडणारा. व्हिन्सेंटने तो बाजूला फेकला आणि पायाने जमिनीवर रेघ मारली.

"हितं घे."

"तिथं नको," ॲन्सेल्म कठड्यावरूनच म्हणाला. "विहिरीला जवळ होतं. दोन हात मागे घे."

"तुला काय कळतं खड्ड्यातलं?"

"बाबांनी तुझ्या लग्नात तिथेच घेतलेला."

"माझ्या लग्नात तिथं माड होता."

"माड पलीकडे होता."

"मेरी," व्हिन्सेंटने हाक मारली, "सांग तुझ्या बापाला, माड कुठं होता."

मेरी ओट्यावरून खाली आली होती. ती कुंपण होतं तिथपर्यंत आली, उपटलेल्या जागेतून पलीकडे गेली आणि काकाच्या शेजारी उभी राहिली. "मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते," ती म्हणाली. "तूच सांग त्यांना."

मग त्यानेच सांगितलं. त्यावर ह्याने सांगितलं. ॲन्सेल्म कठड्यावरून उठला, माडाची जागा दाखवायला पलीकडे गेला, आणि उरलेल्या चौतीस सिगार आता डब्यात ठेवायच्या की माळ्यावर, यावरून दोघं पुन्हा जुंपले. एकनाथ पहारीवर टेकून वाट बघत राहिला. आवाज एवढे चढले की शेजारच्या वाडीतली बाई डोकावून गेली. इनेझने कान दिला. दोघांच्या भांडणात तिचं नाव एकदाही येत नव्हतं.

ती कार्मिनच्या स्वयंपाकघरात गेली, वासाच्या बंदीमुळे तिथे फळीवर ठेवलेली आपली बोंबलाची जुडी काढली आणि पदराखाली न घेता हातात धरून अंगणातून सरळ आपल्या घरी आली. वाटेत लुगडं कशाला अडकलं नाही. तिने चूल पेटवली. निखारे फुलल्यावर आठ बोंबील आडवे टाकले, जरा विचार करून एकनाथसाठी आणखी दोन टाकले, आणि खिडकी उघडी केली.

बाहेर ॲन्सेल्म बोलता बोलता थांबला. त्याने मान वर करून हवा हुंगली. इनेझ चिमटा हातात धरून थांबली.

"दोन हात," तो व्हिन्सेंटला म्हणाला, "निदान दीड."

भाजलेल्या बोंबलाचा वास ओट्यावरून उतरला आणि विहिरीकडे गेला. कठड्यावर एका बाजूला सुटलेलं गाठोडं होतं, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा डबा, झाकण काढून ठेवलेला. ते लावायला कुणी गेलं नाही.